पंखेदात्याचा सत्कार

“‘विद्यार्थिनी’तला ‘थि’ ऱ्हस्व असतो, मॅडम,” कुलथे सर म्हणाले आणि माझ्या कागदावर लाल पेनानं पहिली दुरुस्ती केली.

मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. कागदावर नऊ ओळी होत्या. पाचवी ‘ब’मधल्या तेजल सणस या मुलीच्या डाव्या हातावर भाजल्याच्या तीन खुणा आहेत, चुलत्यानं तापलेलं उलथनं लावलं असं तिनं स्वतः सांगितलं, आणि हे आजच्या आज बाल कल्याण समितीला कळवावं, एवढाच मजकूर. सर तो शांतपणे वाचत होते. दुसऱ्या ओळीत त्यांनी अनुस्वार काढला. चौथ्या ओळीत एक दिला.

“सर, मजकुराचं काय?”

“मजकुरावरच येतोय.” त्यांनी ‘चुलत्यानं उलथनं लावलं’ या शब्दांखाली रेघ ओढली. “हे फार थेट झालं. वाचणाऱ्याला धक्का बसेल.”

“बसायलाच हवा ना, सर.”

“वाघचौरे मॅडम, शासकीय पत्रव्यवहारात धक्का नसतो.”

कुलथे सरांनी तीस वर्षं मराठी शिकवलं होतं आणि आदल्या जूनमध्ये संस्थेनं त्यांना मुख्याध्यापक करून आमच्या पिंपळसोंडच्या शाळेत पाठवलं होतं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. माणूस सज्जन होता. कुणाला वाईट वाटेल असं वाक्य तोंडातून जाऊ नये म्हणून ते वाक्याला इतके फाटे फोडत, की शेवटी वाक्य संपायचं आणि ऐकणाऱ्याला कळायचंच नाही की आपल्याला काही सांगितलं गेलं. प्रार्थनेनंतरचं त्यांचं पाच मिनिटांचं मनोगत कधीही पंचवीस मिनिटांच्या आत आटोपलं नाही.

मी तेव्हा शिक्षण सेविका होते. तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काम करायचं आणि मग संस्थेनं कायम केलं तर नोकरी पक्की, असा तो प्रकार. माझी अडीच वर्षं झाली होती.

हे त्या दिवशी दुपारी सुरू झालं होतं. मधल्या सुट्टीत हौसामावशी वर्गाच्या दाराशी आली. हौसामावशी म्हणजे आमच्या शाळेची शिपाई. घंटा, पाण्याची टाकी, किल्ल्या आणि सगळ्यांच्या घरच्या बातम्या तिच्या ताब्यात असत.

“बाई, जरा नळावर चला,” ती म्हणाली. “सणसांची पोरगी हात धुती, पर बाही वर करंना. भिजली तरी करंना.”

मार्च लागला होता. तेजल अजून स्वेटर घालून यायची. मी तिची वर्गशिक्षिका. तो स्वेटर मी रोज बघत होते.

नळावर कोणी नव्हतं. मावशीनं तिच्यासमोर बसून ओली बाही अलगद दुमडली. पोरीनं हात ओढला नाही. तीन पट्टे होते, एकाखाली एक, वरचा जुना आणि खालचा ताजा.

“कसं झालं गं?” मी विचारलं.

“दूध सांडलं माझ्याकडनं.” ती पाण्याकडं बघत होती. “काकांनी उलथनं लावलं. कुणाला सांगू नका, बाई.”

त्यापूर्वी सप्टेंबरात तालुक्याला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. मुलांवरच्या अत्याचाराची शंका आली तर शाळेनं काय करायचं, हा विषय. शाळेतून मला पाठवलं होतं, कारण सर्वांत कनिष्ठ मी आणि त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी बढतीची पार्टी होती. तिथल्या बाईंनी आमच्याकडून शाळेतल्या मुलांसारखं घोकून घेतलं होतं. लगेच कळवा. मूल बोलेल तेवढं ऐका, खोदून विचारू नका. त्याचेच शब्द लिहा. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका. घरच्यांना आधी बोलावू नका. आणि चाइल्डलाइनचा नंबर दहा-नऊ-आठ. खात्री पटवणं तुमचं काम नाही, शंका कळवणं तुमचं काम, असं त्या तीनदा म्हणाल्या होत्या.

म्हणून मी तेजलला म्हटलं, “जे तुला मदत करू शकतील, त्यांनाच सांगेन. दुसऱ्या कुणाला नाही.”

ती म्हणाली, “ते ओरडतील का?”

“तुझ्यावर नाही.”

मावशीनं बाही खाली केली आणि दुसऱ्या बाजूला तोंड करून नळ घट्ट बंद केला. नळ आधीच बंद होता.

आता अडचण अशी, की तेजलचे काका म्हणजे बबनराव सणस. वाईट वाटावं असं माणसाच्या अंगावर काही दिसत नव्हतं. पांढरा शर्ट, नमस्कार, हसू. गावाबाहेर वस्तीवर त्यांचा बंगला, दुधाचा धंदा. तेजलची आई वारलेली, वडील गुजरातेत ट्रकवर, म्हणून मुलगी त्यांच्याकडं. गेल्या दिवाळीत त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांमार्फत शाळेला बावीस पंखे दिले होते. प्रत्येक पात्यावर लाल रंगात त्यांचं नाव होतं. पंखा फिरताना ते दिसायचं नाही. वीज गेली की दिसायचं, आणि आमच्याकडं वीज वरचेवर जायची. कुलथे सरांनी या माणसाला कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, पण त्याचं नाव दिवसातून चार तास त्यांच्या डोक्यावर थांबलेलं असे.

त्या गुरुवारी सरांनी कागद ठेवून घेतला. शुक्रवारी सकाळी त्यांनी मला नवा मसुदा वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं, ‘सदर विद्यार्थिनीच्या हस्तावर उष्ण वस्तूच्या संपर्कामुळे उद्भवलेल्या काही खुणा आढळल्यासारखे वाटते.’

“सर, यात काका कुठं गेले?”

“गर्भितार्थात आहेत.”

मी हुज्जत घातली. सरांनी पुन्हा लिहायला घेतलं. अकरा वाजता तिसरा मसुदा आला. त्यात खुणाही गेल्या होत्या. ‘सदर विद्यार्थिनीची प्रकृती सर्वसाधारण असून सध्या हवामान उष्ण आहे.’

मी तो दोनदा वाचला. “सर, हे बाल कल्याण समितीला पाठवायचं की वेधशाळेला?”

सरांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे तांबारले होते. रात्री झोप लागली नसावी. “मॅडम, तुमची नोकरी पक्की व्हायची आहे. माझी संपायची आहे. मधे कुणी सापडू नये एवढंच बघतोय मी.”

“मधे तेजल सापडलीय, सर.”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

मी त्यांच्या टेबलावरचा माझा मूळ कागद उचलला आणि झगडे भाऊसाहेबांकडं गेले. झगडे आमचे लिपिक. नावाच्या अगदी उलट माणूस. खुर्ची सरकवतानाही खुर्चीची माफी मागेल असा. शाळेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक तेच देत.

“भाऊसाहेब, यावर क्रमांक टाका. मी स्वतः जिल्ह्याला नेऊन देते.”

त्यांनी कागद वाचला. मग परत पहिल्या ओळीपासून वाचला. “मुख्याध्यापकांची सही नाही, मॅडम.”

“नाही.”

“सहीशिवाय क्रमांक देता येत नाही.” त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला, पण बोटं त्यावरच राहिली. “माझी धाकटी चौथीत आहे,” ते हळू आवाजात म्हणाले, आणि शिक्का शोधायला लागले. शिक्का त्यांच्या समोरच होता.

दुपारी एक वाजता कळलं, की सरांनी त्याहून भयंकर काम केलंय. त्यांनी बबनराव सणसांना चिठ्ठी लिहून शनिवारी सकाळी भेटायला बोलावलं होतं. दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात म्हणून. चिठ्ठी हौसामावशीबरोबर गेलीसुद्धा होती.

“सर, प्रशिक्षणात स्पष्ट सांगितलं होतं. घरच्यांना आधी कळलं तर पोरीचं काय होईल?”

“मी अत्यंत सौम्य भाषेत लिहिलंय.”

“तुमची भाषा सौम्य आहे हो. त्यांचं उलथनं नाही.”

सरांचा चेहरा पडला. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, पण मावशी केव्हाच फाटकाबाहेर गेली होती.

चार वाजता शाळा सुटल्यावर मी एसटी स्टँडवर गेले. घरात सासूबाई, शाळेत भिंतींना कान, म्हणून रसवंतीच्या मागं उभी राहिले आणि दहा-नऊ-आठ लावला. पलीकडं एक मुलगी बोलत होती. त्याच वेळी रसवंतीवाल्यानं चरकात ऊस घातला आणि चरकाचे घुंगरू छनछन वाजायला लागले.

“ताई, मागं काय चाललंय?” तिनं विचारलं.

“रस काढतायत.”

“कुणाचा?”

“उसाचा. तुम्ही लिहून घ्या, मी मोठ्यानं बोलते.”

आणि मी मोठ्यानं बोलले. एवढ्या मोठ्यानं, की रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. शाळेचं नाव, मुलीचं नाव, तुकडी, तिचे शब्द जसेच्या तसे, काकांचं नाव, त्यांना गेलेली चिठ्ठी. तिनं माझं नाव विचारलं आणि म्हणाली, नको असेल तर सांगू नका, सांगितलं तरी आम्ही कुणाला देत नाही. मी नाव सांगितलं. मी वळले, तर रसवंतीवाला पेला घेऊन उभा. “बिनबर्फाचा घ्या बाई,” तो म्हणाला. “घसा सुकला असंल.”

शनिवारी सकाळची शाळा होती. मी सातलाच फाटकाशी उभी राहिले. तेजल आली. स्वेटर होता, चालणं नेहमीसारखं होतं, डबा होता. मला पाहून तिनं मान हलवली. म्हणजे घरी काही झालं नव्हतं. मला त्याचं आश्चर्य वाटलं, पण विचार करायला वेळ नव्हता, कारण साडेआठला बबन सणस सरांच्या खोलीत येऊन बसल्याचं कळलं.

मी आणि झगडे शेजारच्या कार्यालयात. मधल्या भिंतीला वरून दोन फुटांची फट. आम्ही दोघं न बोलता कपाटाजवळ सरकलो.

“या, बसा,” सरांचा आवाज आला. “विषय जरा नाजूक आहे.”

“नाजूक तर नाजूक, सर. आमी हळू बी करतो.”

“म्हणजे... आपल्याबद्दल काही गोष्टी कानावर आल्या आहेत.”

“येणारच की. दोन कोसांवर जात्यात.”

“आपण ते नाकारत नाही?”

“नाकारायचं काय त्यात? वडलांपासनं चालत आलंय.”

सरांनी पाणी प्यायल्याचा आवाज आला. “पण सणसराव, लहान मुलं... त्यांच्यावर परिणाम...”

“पोरं तर नाचत्यात, सर.”

“मारणं ही गोष्ट—”

“मारल्याबिगर कसं व्हईल? आधी कातडं जरा शेकायचं. चांगलं तापलं, ताणलं, की मग मारायचं. आवाज असा खणखणीत निघतो, की—”

खुर्ची मागं आपटली. आणि मग आम्ही कुलथे सरांचा असा आवाज ऐकला, जो त्या इमारतीत आधी कुणी ऐकला नव्हता.

“गप्प बसा. तुम्ही माणूस आहात का कोण आहात? अकरा वर्षांची पोर आहे ती. आईविना पोर. तुमचे पंखे काढून न्या, सगळे बावीस, आत्ताच्या आत्ता. मी स्वतः पोलिसात देणार आहे तुम्हाला, माझी सही घालून देणार आहे.”

एकही फाटा नसलेली सहा वाक्यं. झगडे भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही धावत आत गेलो.

खुर्चीत लाल कोट, सोनेरी झालर आणि छातीवर पितळी बिल्ला लावलेला एक सडपातळ माणूस हात जोडून बसला होता. हा बबन सणस बँडवाला, बबनरावांच्या भावकीतला. बाराच्या लग्नाला निघाला होता, वाटेत शाळेची सुपारी घेऊन जाऊ म्हणून आला होता.

“मास्तर,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “ढोल पटत नसला तर नुसती सनई लावू. पर पोलीस कशाला?”

सरांनी आधी त्याच्याकडं, मग आमच्याकडं, मग दारात उभ्या असलेल्या हौसामावशीकडं पाहिलं. “मावशी, चिठ्ठी कुणाला दिली?”

“बबन सणसाला,” मावशी म्हणाली. “चिठ्ठीवर त्येच नाव व्हतं.”

“अहो, पंखेवाल्यांना द्यायची होती.”

“मला काय म्हाईत? मी अडाणी बाई.”

मावशी सातवी पास होती. स्टाफरूममधलं वर्तमानपत्र सगळ्यांच्या आधी ती वाचायची. सरांनी तिच्याकडं बघितलं आणि माझ्यापुढं हात केला. “मॅडम, तुमचा पहिला कागद आहे ना? नऊ ओळींचा?”

मी दिला. त्यांनी खाली सही केली. झगड्यांनी उभ्याउभ्याच क्रमांक टाकला. शाई वाळायच्या आत फाटकाशी मोटारसायकल थांबली आणि जिल्ह्याहून आलेली एक तरुण मुलगी आत आली. नसीम तांबोळी, चाइल्डलाइनची कार्यकर्ती. बरोबर एक तरुण सहकारी. महिला पोलीस अधिकारी तालुक्याहून निघाल्या आहेत, पोचायला तास लागेल, असं तिनं सांगितलं. सरांनी उभं राहून तिच्या हातात कागद दिला.

“मी मुख्याध्यापक. सही माझी आहे,” ते म्हणाले.

नसीमला मुलीशी निवांत बोलायला जागा हवी होती. प्रयोगशाळा उघडली. तेजलला विचारलं, जवळ कोण हवं? ती म्हणाली, मावशी. वर्गशिक्षिका मी होते, पण ती म्हणाली मावशी. मावशी पदर सावरत तिच्याबरोबर आत गेली आणि दार लावून घेतलं.

साडेदहाला, शाळा सुटायला अर्धा तास असताना, बुलेटचा आवाज आला. खरे बबनराव. शनिवारी ते पुतणीला घ्यायला फाटकाबाहेर येत, हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. पोलिसांचा पत्ता नव्हता.

“तेजलला बोलवा जरा,” ते हसतमुखानं म्हणाले. “आज लवकर न्यायचीय.”

मी उगाच हजेरीपट उघडला. झगडे भाऊसाहेब कपाटाकडं तोंड करून उभे राहिले. सर खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी एकदम दोन्ही हात पसरले.

“सणससाहेब, आपणच का ते? अहो, आपण आयते आलात. आजच आपला सत्कार ठरलाय.”

“माझा?”

“बावीस पंखे, साहेब. शाळेनं साधं आभाराचं पत्रही दिलं नाही. ही अक्षम्य दिरंगाई आहे. झगडे, शाल. मॅडम, मुलं मैदानात.”

शाल म्हणजे सरांच्या खुर्चीवरचा टॉवेल निघाला. तो नीट घडी घालून घेतला. नारळ समोरच्या दुकानातून आला. मी मुलांना ओळीत बसवलं. बँडवाला बबन अजून फाटकाशी घुटमळत होता. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं कोटाची बटणं लावली. “भावकीतला हाय त्यो,” तो म्हणाला. “आमच्या गल्लीत समद्यांस्नी म्हाईत हाय. बोललं कोनीच न्हाई.” आणि त्यानं टेम्पोतून बँडची पोरं उतरवली.

बबनराव वाजतगाजत व्यासपीठावर चढले. स्वतःच्या सत्कारातून उठून जाईल असा माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्मला नाही.

आणि मग कुलथे सर बोलायला उभे राहिले. “पंखा,” ते म्हणाले, आणि थांबले. “पंखा हा शब्द पंख या शब्दापासून झाला.” तिथून ते पक्ष्यांवर गेले. पक्ष्यांवरून वाऱ्यावर, वाऱ्यावरून वाऱ्याच्या सोळा समानार्थी शब्दांवर, समीर, अनिल, पवन करत. जुन्या काळचे ओढायचे पंखे, वाळ्याचे पंखे, मोरपिसांचे पंखे. पात्यांची संख्या तीनच का असते. तिसरीतली मुलं झोपली. बबनरावांनी दोनदा घड्याळ पाहिलं; दोन्ही वेळा सरांनी “सणससाहेबांचा वेळ मौल्यवान आहे” असं म्हणून नवा मुद्दा काढला. एक्कावन्न मिनिटं ते बोलले. त्या एक्कावन्न मिनिटांत त्यांनी पंख्याची स्तुती केली, वाऱ्याची केली, विजेची केली. त्या माणसाबद्दल एक चांगला शब्द त्यांच्या तोंडातून निघाला नाही. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा फाटकातून जीप आत येत होती.

साध्या कपड्यांतल्या दोन पोलीस बाई उतरल्या. त्यांनी घाई केली नाही. नसीमनं त्यांना कागद दाखवला, मग त्या व्यासपीठाच्या बाजूनं गेल्या आणि बबनरावांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. त्यांच्या मांडीवरचा नारळ घरंगळला. मुलांना वाटलं कार्यक्रम संपला, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेजलला वैद्यकीय तपासणी करून बाल कल्याण समितीसमोर न्यायचं होतं. निघण्यापूर्वी नसीम कार्यालयात आली. आम्ही चौघं तिथं होतो.

“एक सांगते,” ती म्हणाली. “नावं आम्ही सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. पण काल या शाळेबद्दल चार फोन आले. चार वेगवेगळे लोक. त्यातल्या एकांनी फोनचा आवक क्रमांक मागितला होता आणि दुसऱ्या एकांनी आमच्या मुलीची दोन वाक्यं दुरुस्त केली. तो नोंदीचा क्रमांक इथं ठेवते. ज्यांचा असेल त्यांनी घ्यावा.”

तिनं चिठ्ठी टेबलावर ठेवली. कुणी हात लावला नाही. सर छताकडं बघत होते. झगडे शिक्का पुसत होते. मावशी म्हणाली, “मला तर फोन लावता बी येत न्हाई,” आणि कुणी तिला विचारलंही नव्हतं.

दारातून नसीम पुन्हा वळली. “नोव्हेंबरातही पिंपळसोंडहून एक अर्धवट फोन होता. बाई होत्या. पाचवीतली मुलगी एवढंच बोलल्या आणि शाळेचं नाव विचारल्यावर ठेवून दिला. त्या कोण, ते कळलं असतं, तर चार महिने वाचले असते.”

ती गेली. चिठ्ठी पाच मिनिटांनी टेबलावर नव्हती.

याला दहा वर्षं झाली. समितीनं तेजलला तिच्या मामाकडं सोपवलं, काकांवर खटला झाला, शिक्षाही झाली. पंखे संस्थेनं परत केले आणि तो उन्हाळा आम्ही पुठ्ठ्यांनी वारा घेत काढला. माझी नोकरी राहिली. अध्यक्ष माझ्यावर खार खाऊन होते, पण कुलथे सरांनी माझ्याबद्दलचा अहवाल इतका लांब आणि इतका गुंतागुंतीचा लिहिला, की तो शेवटपर्यंत कुणी वाचला नाही आणि मला कायम केलं.

त्याच वर्षी मे महिन्यात मी तेजलला भेटायला मामाच्या गावी गेले होते. समितीची परवानगी काढली होती. ती अंगणात शेळीच्या पिलाला बाटलीनं दूध पाजत होती, बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये. मामी चहा करायला आत गेली. मी ज्यासाठी आले होते ते बोलून टाकलं.

“तेजल, नोव्हेंबरात तुझ्या पायावर वळ होते. खो-खोच्या वेळी मी पाहिले होते. मी फोन लावला होता, पण शाळेचं नाव विचारलं आणि मी घाबरले. ठेवून दिला.”

तिनं बाटली जरा तिरकी केली, पिलाच्या तोंडात हवा जाऊ नये म्हणून.

“मला माहितेय,” ती म्हणाली. “तुम्ही बघितलं ते मी बघितलं होतं. मला वाटलं, बाईंनी बघितलंय, आता होईल काहीतरी.”

“मग?”

“मग सहामाहीच्या वह्या तपासून दिल्या तुम्ही.”

तिच्या आवाजात राग नव्हता. पिलू ढुशा देत होतं. बाटली संपली तशी तिनं ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “आतून भरून आणा ना, बाई. दुसरं पिल्लू राहिलंय.”

मी उठले आणि आत गेले.